परदेशातल्या परिषदेला जाऊन तिथल्या लोकांशी बोलायचं काय आणि कसं?

बालाघाट (३ मार्च)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी बीड जिल्ह्यातली. दिवाळी झाली की आमच्याकडची घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात कोपी टाकून राहायचं. लेकरं बरोबर नेली तर शाळा बुडते, म्हणून गावात हंगामी वसतिगृह चालतं. आमची चार माणसांची संस्था तिथं संध्याकाळी एक काम करते. लेकरांचा आवाज फोनवर टिपते आणि आईबापांना पाठवते. काय शिकलो, कोणाचा दात पडला, शेळी व्याली का, एवढंच असतं त्यात. तिकडून आईबाप उलट निरोप धाडतात. चार हंगाम झाले. ज्या लेकरांचे निरोप येतात-जातात ती मधेच शाळा सोडून कारखान्यावर पळून जात नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

एका मोठ्या संस्थेनं माझं नाव सुचवलं आणि आता एप्रिलमध्ये ऑक्सफर्डच्या स्कोल वर्ल्ड फोरमला जायचंय. जगभरातून पत्रकार, उद्योगातली माणसं, सामाजिक कामात नवीन वाटा काढणारे लोक येतात म्हणे. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं चांगलं आहे, बोलताना अडखळते. आमचे अध्यक्ष म्हणतात, कार्डं वाट, फोटो काढ आणि ये. आई म्हणते, एवढ्या लांब जातेस तर काहीतरी विचारून ये.

तुमच्यापैकी कोणी अशा ठिकाणी गेलंय का? तीन-चार दिवसांत खरंच काही हाती लागतं? आणि अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची?

मुठाकाठ (३ मार्च)

अभिनंदन ताई! मी पुण्यातल्या एका संस्थेतर्फे एकदा तिथं गेलो होतो, म्हणून आधी कामाचं सांगतो.

जेफ स्कोल हे ईबेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या फाउंडेशननं २००४ पासून हे संमेलन भरवायला घेतलं. जागा म्हणजे सईद बिझनेस स्कूल, ऑक्सफर्ड स्टेशनच्या अगदी शेजारी, त्यामुळे चुकायची भीती नाही. त्याच आठवड्यात गावभर ‘मार्मलेड’ नावाचे खुले कार्यक्रम असतात. मला मोठ्या सभागृहापेक्षा तिथल्या लहान खोल्यांत जास्त बोलता आलं. वीस-पंचवीस माणसं, गोल बसलेली, कोणीही हात वर करावा.

मोठ्या व्यासपीठावरच्या बऱ्याच चर्चांचं चित्रण नंतर घरी बसून बघता येतं. चहाच्या रांगेत शेजारी उभा असलेला माणूस मात्र नंतर भेटत नाही. तेव्हा वेळ रांगेत घालवा. आणि ‘तुम्ही काय करता?’ असं विचारू नका, ते दिवसातून साठ वेळा सांगून लोक कंटाळलेले असतात. ‘सध्या तुमचं काय अडलंय?’ असं विचारा. माणूस दोन मिनिटं गप्प बसतो आणि मग खरं बोलायला लागतो.

एप्रिलात थंडी आणि पाऊस दोन्ही असतं. स्वेटर न्या.

शंकासूर (३ मार्च)

ताई, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. मला या परिषदांचं मोल कळत नाही. दरवर्षी जानेवारीत दावोसच्या बातम्या येतात, इतक्या लाख कोटींचे सामंजस्य करार झाले म्हणून. त्यातले कारखाने किती उभे राहिले हे पुढच्या जानेवारीत कोणी विचारत नाही. गरिबीवर बोलायला जमलेल्या सभागृहात गरीब माणूस नसतोच. तुमचे दहा दिवस वसतिगृहातच जास्त कामाचे नाहीत का? मार्च-एप्रिलात टोळ्या परत येतात, तेव्हा तुम्ही तिथं नसाल.

नाममात्र (३ मार्च)

वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो.

माणदेशी_माणूस (४ मार्च)

शंकासूर, दावोसचं नाव काढलंत म्हणून लिहितो. २०१८ च्या दावोसच्या सहअध्यक्षपदी सातही बायका होत्या. नाणेनिधीच्या क्रिस्तीन लगार्द, नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग, आयबीएमच्या प्रमुख जिनी रोमेटी अशा नावांच्या पंगतीत आमच्या म्हसवडच्या चेतना सिन्हा होत्या. म्हसवड म्हणजे सातारा जिल्ह्यातला माण तालुका, पाऊस रुसलेला मुलूख.

माणदेशी महिला बँकेची गोष्ट इथल्या अनेकांना माहीत असेल, तरी सांगतो. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. बायका काही महिने रोज रात्री अक्षरं गिरवायला बसल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या माणसांनी यंत्रावर काढावं, बघू आधी कोणाचं होतं. १९९७ मध्ये बँक उभी राहिली.

माझ्या चुलतीचं खातं त्या बँकेत आहे. बँकेची माणसं बाजारात तिच्या पाटीपाशी येऊन रोजचे पैसे घेऊन जायची, कारण शाखेत जायला तिला वेळ नव्हता. ही युक्ती कोणत्याही परिषदेत सुचलेली नाही, बाजारात बसलेल्या बाईनं ती सांगितलेली आहे. पण दावोसच्या मंचावर म्हसवडची बाई बसली, त्या दिवशी आमच्या तालुक्यातल्या पोरींनी टीव्हीवर काय बघितलं असेल याचाही विचार करा.

शंकासूर (४ मार्च)

मान्य. पण क्रम बघा. बँक १९९७ ला, दावोस २०१८ ला. एकवीस वर्षं आधी काम होतं. दावोसमुळे बँक झाली नाही.

माणदेशी_माणूस (४ मार्च)

हो, आणि बालाघाटताईंचेही चार हंगाम आधी झालेले आहेत. रिकाम्या हातानं त्याही चाललेल्या नाहीत.

व्याकरणवेडी (४ मार्च)

थोडं अवांतर. ‘इनोव्हेशन’साठी सरकारी कागदांवर ‘नाविन्यता’ असा शब्द दिसतो. ‘नवीन’चं भाववाचक नाम ‘नावीन्य’, वी दीर्घ. त्याला पुन्हा ‘ता’ लावायची गरज नाही. ‘सौंदर्यता’ म्हणतो का आपण? हिंदीतून आलेला ‘नवाचार’ही मला परका वाटतो. ‘नवोन्मेष’ सुंदर आहे, पण बाजारात चालत नाही.

कोहम् (४ मार्च)

आमच्या आजीचा शब्द ‘शक्कल’. ‘काय शक्कल लढवली गं!’ यात कौतुकही येतं आणि अडचणही येते. अडचण नसेल तर शक्कल कशाला लढवायची?

बालाघाट (४ मार्च)

आमच्याकडं ‘युक्ती काढली’ म्हणतात. पाणी काढावं तशी काढायची, खोलातून. :)

राइनकाठ (५ मार्च)

मी जर्मनीत राहते. दुभाषी म्हणून काम करते आणि बॉनमध्ये डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची माध्यम परिषद भरते, तशा अनेक परिषदांत काचेच्या खोलीत बसून ऐकते. आम्ही दोघं-दोघं बसतो आणि साधारण अर्ध्या तासानं पाळी बदलतो, कारण त्याहून जास्त वेळ मेंदू दुसऱ्याच्या वाक्यामागे धावू शकत नाही.

त्या खोलीतून मला एक गोष्ट नक्की कळली आहे. काही वक्ते सक्षमीकरण, परिवर्तन, शाश्वतता असे शब्द वापरत बोलतात. त्यांचं भाषांतर अगदी सोपं, तयार शब्दाला तयार शब्द ठेवायचा. पण माझी पाळी संपल्यावर त्यातलं एक वाक्यही मला आठवत नाही. आणि कधीतरी कोणी सांगतो की आमच्या गावात रेडिओचा मनोरा चिंचेच्या झाडाला बांधला होता आणि वादळात झाड पडलं. तेव्हा समोरचं सगळं सभागृह मान वर करून बघतं.

बालाघाट, तुम्ही शेळी आणि दात लिहिलंत ना, तेच बोला. इंग्रजीत पाठ केलेलं भाषण मुळीच नेऊ नका. माणूस पाठ केलेलं बोलायला लागला की चेहरा कोरा होतो आणि मधे कोणी प्रश्न विचारला तर धागा तुटतो. लहान वाक्यं बोला. अडलं तर थांबा. आणि आयोजकांना आत्ताच लिहून मराठी किंवा हिंदी येणारं कोणी मदतीला मिळेल का ते विचारा. मागायला संकोच नको.

मुठाकाठ (५ मार्च)

+१. फक्त इतकंच की गटात बोलताना दुभाष्या असला तरी रांगेतल्या गप्पांना मोडकंतोडकं इंग्रजीच कामाला येतं. तिथं निम्म्या लोकांचं इंग्रजी तुमच्यासारखंच असतं. ब्राझीलचा माणूस आणि मी, दोघं मिळून एक वाक्य पुरं करायचो.

गोरेगावकर (६ मार्च)

आंतरराष्ट्रीय परिषद म्हणजे परदेश, असं मानून सगळे लिहितायत. जानेवारी २००४ मध्ये जागतिक सामाजिक मंच आमच्या दारात, गोरेगावच्या नेस्को मैदानात भरला होता, १६ ते २१ तारखांना. आधी तो ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रेला भरायचा. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि स्वयंसेवक म्हणून सहाही दिवस तिथं होतो.

शिरीन एबादी, जोसेफ स्टिग्लिट्झ, अरुंधती रॉय येऊन गेले. गर्दी लाखाच्या घरात. भाषणांतलं आज थोडंच आठवतं. आठवते ती धूळ आणि ढोल. एका कोपऱ्यात आदिवासींचा नाच, त्याच्या पलीकडे कोरियातल्या कामगारांच्या घोषणा. माझं काम होतं रस्ता दाखवायचं. एका दुपारी धुळे जिल्ह्यातले एक वयस्क गृहस्थ आणि लॅटिन अमेरिकेतला एक शेतकरी माझ्यासमोर जमिनीवर बसले. दुभाष्या नव्हता. त्यांनी मातीत काडीनं रेघा ओढून एकमेकांना आपापलं रान दाखवलं, पाणी कुठून येतं, धरण कुठं आहे. अर्धा तास. मी पाणी आणून दिलं आणि उभा राहून बघत होतो.

शंकासूर म्हणतात तसं सभागृहात गरीब माणूस नसेल, तर तशी परिषद भरवायला हवी. मुंबईत ती भरली होती.

शंकासूर (६ मार्च)

हे मला माहीत नव्हतं. छान लिहिलंत. अशा मैदानाबद्दल माझी तक्रार नाही.

कोहम् (७ मार्च)

गप्पांतून काही निघतं का, या मूळ प्रश्नाकडे येतो.

‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू झाली. २००५ पासून त्यांचा ‘असर’ अहवाल निघतो. पोराच्या हातात कागद द्यायचा. त्यावर अक्षरं, शब्द, एक परिच्छेद, एक छोटी गोष्ट. कुठपर्यंत वाचतो ते बघायचं. गावातल्या कोणालाही करता येईल इतकं सोपं. माधव चव्हाणांना २०१२ मध्ये दोह्याला शिक्षणाचा वाइज पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्याकडे बातमी झाली.

मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळी. असरची पद्धत आफ्रिकेतल्या लोकांनी उचलली आणि केनिया, टांझानिया, युगांडा या तीन देशांत ‘उवेझो’ नावानं घरोघर जाऊन मुलांचं वाचन तपासायला सुरुवात केली. उवेझो म्हणजे स्वाहिलीत क्षमता. पाकिस्तानातही असर निघतो. आता अशा देशांचं एक जाळंच झालंय. हे एका भाषणानं झालेलं नाही. कोणीतरी ऐकलं, मग येऊन प्रत्यक्ष बघितलं, घरी जाऊन आपल्या भाषेत कागद छापला. परिषदेत जे मिळतं ते फार तर पहिलं पाऊल, पुढची वाट ज्याची त्यानं चालायची. पण ते पाऊल कुठंतरी पडावं लागतं.

मांडवीकाठ (७ मार्च)

गोव्यातून लिहितो. इथून ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ ही संस्था चालते. देशभरच्या खेड्यावस्त्यांतल्या माणसांना चित्रण शिकवून त्यांना वार्ताहर करते. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. व्हिडिओच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर देऊन बघणाऱ्याला सांगतात, यांना फोन करा. आणि काम झालं की तोच वार्ताहर परत जाऊन दुसरा व्हिडिओ करतो, हातपंप चालू झाला म्हणून. बातमी तिथं पुरी होते. बालाघाटबाय, तुमचे निरोप हेसुद्धा माध्यमच. तिथं पत्रकार भेटले तर स्वतःला त्यांच्याहून लहान समजू नका.

स्नेहांकिता (८ मार्च)

शाकाहारी असाल तर काळजी नको, सगळीकडे मिळतं. काउली रोडवर आपल्याकडच्या किराण्याची दुकानं आहेत. तरी शेंगदाण्याची चटणी न्याच. दशम्या दोन दिवस टिकतात.

आणि तासभर मिळाला तर सोमरव्हिल कॉलेज बाहेरून का होईना बघा. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी तिथं होत्या. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पण बायकांना पदवी द्यायचीच नाही असा तिथला नियम होता, तो १९२० मध्ये बदलला, तेव्हा कुठे त्यांना पदवी मिळाली. आपल्याकडची एक मुलगी तिथं सव्वाशे वर्षांपूर्वी उभी होती, हे मनात ठेवून सभागृहात शिरा.

नाममात्र (८ मार्च)

चटणीला अनुमोदन. माझा एक मित्र म्हणतो, चटणीची पुडी उघडली की परिषदेतली सगळ्यात मोठी गर्दी आपल्या टेबलाशी होते.

बालाघाट (२६ मार्च)

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतलेत. व्हिसा आला. राइनकाठताई, तुमचं ऐकून आयोजकांना लिहिलं, हिंदी येणारी एक विद्यार्थिनी दोन दिवस बरोबर असणार आहे.

आईचं ‘विचारून ये’ डोक्यात घोळत होतं. आम्ही चौघं बसलो आणि एकच प्रश्न ठरवला. आमचं अडतं ते इथं: हंगामात आईबापांचे नंबर बदलतात. कोणाचं रिचार्ज संपतं, कोणी तिकडं नवीन सिम घेतं, कोणाचा फोन फडात पडून फुटतो. दिवाळीला घेतलेल्या नंबरांपैकी संक्रांतीपर्यंत निम्मे लागत नाहीत. मुकादमाचा फोन कायम चालू असतो, पण लेकराचा निरोप मुकादमाच्या फोनवर पाठवायला आमचं मन घेत नाही. ज्याची उचल डोक्यावर आहे त्याच्याच हातून लेकराचा आवाज ऐकायचा, हे बरोबर वाटत नाही. मग पोचायचं कसं?

कोहम् (२६ मार्च)

हा प्रश्न घेऊन गेलात तर अर्धं काम झालं.

मुंबईची ‘अरमान’ ही संस्था गरोदर बायकांना फोनवर आवाजातले संदेश पाठवते. २०२० चा स्कोल पुरस्कार त्यांनाच मिळालाय. बाईला कोणत्या वेळी फोन आलेला चालेल ते आधी विचारून ठेवतात. बंद पडलेल्या नंबरांचा प्रश्न त्यांनाही असणार. त्यांचं कोणी भेटलं तर सोडू नका.

मांडवीकाठ (२७ मार्च)

बस्तरच्या ‘सीजीनेट स्वर’चंही बघा. २०१० मध्ये सुरू झालं. माणसानं एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन येतो, एक दाबून आपलं म्हणणं सांगायचं, दोन दाबून दुसऱ्यांचं ऐकायचं. गोंडीतसुद्धा. म्हणजे माणसाचा नंबर कोणताही असो, तुमचा नंबर एकच राहतो.

बालाघाट (२१ एप्रिल)

आले मंडळी. जे घडलं ते सांगते, थोडं लांबेल.

पहिल्या दिवशी सकाळी कोणाशीच बोलले नाही. सगळे एकमेकांना ओळखत होते, मिठ्या मारत होते. मी भिंतीला धरून उभी. दुपारी मुठाकाठदादांचं वाक्य आठवलं आणि चहाच्या रांगेत पुढच्या माणसाला विचारलं, तुमचं सध्या काय अडलंय? तो उद्योगातला, लहान संस्थांना भांडवल देणारा. खरंच गप्प झाला. मग म्हणाला, ज्यांना पैसा देतो ते मला खरं सांगत नाहीत. मग त्यानं मला विचारलं, एका लेकरामागं तुमचा खर्च किती? मला राग आला. लेकराचा आवाज काय किलोवर मोजायचा? उत्तर न देता निघून आले.

रात्री झोप येईना, तेव्हा वहीत हिशेब मांडून बघितला. निरोप टिपण्याचा आणि पाठवण्याचा खर्च जवळपास काहीच नाही. निम्म्याहून जास्त पैसा बंद पडलेले नंबर शोधत आमच्या पोरांनी कारखाने पालथे घातले, त्यात गेलेला. चार वर्षांत हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. सकाळी त्याला शोधून काढलं आणि आकडा सांगितला. तो म्हणाला, मग तुमचं काम निरोपाचं नाही, पत्ते शोधण्याचं झालंय. मला ते टोचलं, पण खरं होतं.

एक पत्रकार भेटले, जेवताना. त्यांना गोष्ट फार आवडली. लेकरं आईचा आवाज ऐकताना रडतात तो व्हिडिओ मागितला. मी नाही म्हटलं. म्हटलं, आवाज ऐकवते, चेहरा नाही. त्यांचा उत्साह तिथंच ओसरला. विद्यार्थिनी नंतर म्हणाली, मोठी संधी गेली. मला अजून कळत नाही.

आणि तिसऱ्या दिवशी, मार्मलेडच्या एका लहान खोलीत, युगांडातली एक बाई. साठीची असेल. गुरं घेऊन फिरणाऱ्या लोकांना ती आवाजातले निरोप पोचवते, गुरांच्या रोगांबद्दल. मी आमचा प्रश्न सांगितला. तिनं मधेच थांबवलं. म्हणाली, तू त्यांचा नंबर शोधतेस. ते फोन चार्ज कुठं करतात?

मी तिच्याकडं बघतच राहिले. कोपीत वीज नसते. कारखान्यावर टोळ्या जिथं उतरतात तिथं एखादी टपरी असते, सगळे तिथं पाच-दहा रुपये देऊन फोन चार्जिंगला लावतात. सिम बदलू दे, फोन बदलू दे, चार्जिंगला त्याच टपरीवर यावंच लागतं. तिच्याकडं चार्जिंगवाल्याच्या पेटीत एक मेमरी कार्ड असतं, त्यावर निरोप. माणूस फोन घ्यायला आला की आपला निरोप उतरवून घेतो.

तिला शेंगदाण्याची चटणी दिली. तिनं युगांडातल्या शेंगदाण्याच्या कालवणाची कृती सांगितली. तीही वहीत आहे.

शंकासूर (२१ एप्रिल)

ताई, मी तुम्हाला जाऊ नका म्हणालो होतो. बरं झालं तुम्ही गेलात.

मांडवीकाठ (२१ एप्रिल)

अंगावर काटा आला. बस्तरमध्ये सीजीनेटवाल्यांनी असंच केलं होतं. नेट असेल तिथं कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि गावात ब्लूटूथनं एका फोनवरून दुसऱ्यावर द्यायचा. लोक ब्लूटूथला ‘बुल्टू’ म्हणायचे, म्हणून नाव पडलं बुल्टू रेडिओ!

माणदेशी_माणूस (२२ एप्रिल)

पत्रकाराला नाही म्हणालात ते शंभर टक्के योग्य. लेकराचं रडणं विकायचं नसतं.

सोलापुरी_शेंगा (२२ एप्रिल)

मी वर्तमानपत्रात काम करते, म्हणून थोडी वेगळी बाजू. नाही म्हटलंत ते बरोबर, पण तिथं थांबायला नको होतं. त्यांना म्हणायचं, जानेवारीत या, फडावर चला, आईबापांची परवानगी घेऊन त्यांच्याच तोंडून ऐका. चांगला पत्रकार असेल तर येईल. ऊसतोड कामगारांवर बाहेर फार कमी लिहिलं जातं, ती वाट आपण बंद करू नये. त्यांचं कार्ड असेल तर अजूनही लिहा.

माणदेशी_माणूस (२२ एप्रिल)

हे पटलं.

मुठाकाठ (२३ एप्रिल)

त्या भांडवलवाल्याबद्दल. तिथं सगळे ‘व्याप्ती किती वाढवणार?’ हे विचारतात. त्याची घाई करू नका. गडचिरोलीत बंग दांपत्यानं ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, घरीच नवजात बाळांची काळजी घेतली. तुलनेला ४७ गावं होती. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ मध्ये आशा सेविकांमार्फत ते देशभर घेतलं गेलं. म्हणजे छापून आल्यावरही बारा वर्षं. ३९ गावं नीट मोजली होती, म्हणून ते देशभर जाऊ शकलं. तुम्ही पुढच्या हंगामात दोन टपऱ्यांवर करा, आणि दोन टपऱ्यांशिवायच्या टोळ्याही मोजा.

बालाघाट (२३ एप्रिल)

दादा, मोजू. आत्ता टोळ्या परत येतायत, पहिल्यांदा त्यांनाच विचारते, कोणती टपरी.

राइनकाठ (२ मे)

बालाघाट, दुभाषी मुलीचा उपयोग झाला का?

बालाघाट (२ मे)

पहिला दिवस खूप. तिसऱ्या दिवशी ती नव्हतीच. युगांडाच्या बाईशी मी एकटीच बोलले.

व्याकरणवेडी (१ डिसेंबर)

धागा वर काढते. हंगाम सुरू झालाय ना? काय झालं टपऱ्यांचं?

बालाघाट (४ डिसेंबर)

उशिरा लिहितेय, माफ करा. कारखान्यावरच आहे.

चार टपरीवाल्यांना विचारलं. दोघांनी नाही म्हटलं, त्यांना वाटलं काहीतरी लफडं आहे. एकानं महिन्याला पैसे मागितले. चौथे चाचा, त्यांची स्वतःची आई कोयता चालवायची, त्यांनी काही मागितलं नाही. उलट म्हणाले, निरोप उतरवून घ्यायला वेळ लागतो, तेवढ्यात माझा चहा खपेल.

तर सध्या एकच टपरी. २३ जोडपी तिथं फोन लावतात. वसतिगृहातून आमचा मुलगा आठवड्याला दोनदा निरोप पाठवतो, चाचांच्या पोराच्या फोनवर उतरतात, तिथून कार्डावर. पहिल्या आठवड्यात फक्त सहा जणांनी घेतले, काल सतरा झाले. मुठाकाठदादा, बिनटपरीच्या दोन टोळ्यांचीही वही ठेवलीय.

एक अडचण आली. चार्जिंगला फोन बहुतेक पुरुष आणून लावतात. निरोप बापापर्यंत पोचतो, पण आई स्वयंपाकात असते आणि तिला सांगायचं राहून जातं. परवा एक बाई स्वतः आली, रात्री नऊला, कणकेच्या हातानं. चाचांनी फोन कानाला धरला. लेक सांगत होती की तिला आता सतराचा पाढा येतो, आणि म्हणून दाखवत होती. बाई पाढा संपेपर्यंत उभी होती. मग म्हणाली, परत लावा.

बायकांपर्यंत पोचायला काय करावं, कोणाला सुचतंय का? पाण्याच्या टँकरवर बायकाच असतात, तिथं काही करता येईल असं वाटतंय.

स्नेहांकिता (४ डिसेंबर)

टँकरची वेळ ठरलेली असते का? तेव्हाच एक लहान स्पीकर?

सोलापुरी_शेंगा (४ डिसेंबर)

स्पीकर नको, सगळ्यांसमोर आपल्या लेकराचा आवाज नको वाटेल कोणाला. टँकरवर एखाद्या बाईच्या हातात एक साधा फोन द्या, कानाला लावून ऐकायचा.

शंकासूर (५ डिसेंबर)

माझ्याकडे दोन जुने, चालू फोन पडून आहेत, आणि मेमरी कार्डं दहा घेऊन देतो. पत्ता खरडवहीत पाठवा ताई.